चकती

गाडी दारात यायच्या आधी तिची फडफड गॅरेजात शिरली. सासूने हातातला पाना खाली ठेवला. जावई उतरला आणि बक्षीस घ्यायला आल्यासारखा बॉनेट उघडून उभा राहिला. लेक आतच बसून होती.

"आई, आवाज ऐकलात? सगळे वळून बघतात."

गॅरेज सासूचं, हातही तिचेच. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या पाइपवरच्या व्हॉल्व्हखाली पत्र्याची चकती घालून त्याचं तोंड बंद केलंय, हे तिला लगेच दिसलं.

"हे कोणी केलं?"

"मीच."

"जावईबापू, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दाबलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. व्हॉल्व्ह तेवढ्यासाठीच असतो. तुम्ही तो बुजवलात. आता हवा मागे फिरून टर्बोच्या पंख्यावर आपटते. तुम्हाला आवडतो तो आवाज म्हणजे पंखा मार खातोय."

"खाऊ दे की. वाजतो मस्त."

पाइप काढून तिने पंखा बोटाने हलवला, तर तो चक्क डुगडुगत होता. जावयाने धडधाकट गाडीचं पार वाटोळं केलं होतं आणि वर दात काढत होता. तिला शिसारी आली.

"तू कशी आहेस गं?" तिने खिडकीपाशी वाकून विचारलं. लेकीने आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"मजेत आहे," तोच म्हणाला. "मी सांगूनच ठेवलंय, घरातलं काही माहेरी बोलायचं नाही. आधी किती कटकट करायची. आता बघा, एकदम शांत."

हेही त्याने त्याच तोऱ्यात सांगितलं. लेकीचे फोन हल्ली लगेच आटपायचे, आणि ही खुळी आई समजत होती की पोर संसारात रमली. चार जणींना कौतुकाने सांगूनही झालं होतं. जावयाची किळस आली, त्याहून जास्त स्वतःची.

तिने चकती काढली, व्हॉल्व्ह आणि पाइप परत आवळले. तेलकट चकती तशीच त्याच्या इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात टाकली. मग लेकीच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

"आई, हे काय?" जावई म्हणाला.

"टर्बो गेल्यात जमा आहे. गाडी सावकाश न्या. एकटेच."

तिने लेकीला आत घेतलं आणि शटर खाली ओढलं. बाहेर तो बराच वेळ ओरडला, शटरवर थापा मारत राहिला. मग गाडी निघून गेली.

लेक जुन्या टायरवर बसून शटरकडे बघत होती.

"गेला ना नक्की?"

"गेला. बोल आता."

लेक बोलायला लागली. कुजबुजत.