भांगेच्या खोलीतला फुलोरा

औषधी भांगेला फुलोरा येऊ नये, नुसती पानं वाढावीत, म्हणून तळघरातले दिवे वर्षानुवर्षं रात्रीही जळत. त्यांच्या उजेडात रोपं म्हातारी होत नसत. त्यांची निगा राखणारा केरबाही म्हातारा झाला नव्हता.

त्याची लेक कौसा काठी टेकत डबा घेऊन आली. तिचे दात कधीच पडले होते.

"आबा, लोक मला तुमची आई समजतात."

"मग रागव की मला."

"चेष्टा पुरे. मी आधी गेले तर डबा कोण आणील?"

दमला केरबाही होता, फक्त दिसत नव्हतं. त्या रात्री त्याने दिव्यांचा खटका खाली ओढला, आणि पुढे रोज रात्री.

काही दिवसांनी रोपांनी कळी धरली. कौसाने बापाच्या मिशीतला पहिला पांढरा केस बोटाने चाचपला.

"आला बाई फुलोरा," म्हणत ती निवांत खाली टेकली.