सरूचा शेंडा

दाराशी कुंडीत लेकरासारखा वाढवलेला सरू खिडकीच्या वर गेला, की घरात अंधार नको म्हणून मास्तर त्याचा शेंडा छाटायचे.

छाटला, की दुसऱ्या दिवशी त्यांचीच विजार जमिनीवर लोळायची.

"अहो, पुन्हा दुमडू?" शिवणयंत्रावरून बायको म्हणाली. "कापड वाढतंय, की तुम्ही आटताय?"

मास्तरांनी घाबरून कात्री लपवली. "वाढू दे मेल्याला आभाळाएवढा!"

सरू वाढला. मास्तर काही वाढले नाहीत.

आज ते कसेबसे खुर्चीवर चढून चहा पीत होते, तेवढ्यात खिडकीबाहेरून शेजारच्या वहिनी ओरडल्या, "भावोजी, केवढा हा अंधार! थांबा, करवत आणलीय. बुंध्यापासूनच कापते!"

"वहिनी, नको!"

"अहो, संकोच कसला? शेजारधर्म आहे!"

करवत खर्रकन फिरली, आणि मास्तरांच्या घोट्यांना गुदगुल्या झाल्या.