कोपराच्या खाली सहा इंच

“काचेची दारं?” मास्तर खुर्चीत सरसावून बसले. “अगं, घरी येईल त्याला सगळ्या डब्यांचं प्रदर्शन!”

“होऊ दे,” बायको म्हणाली. “दिसलं म्हणजे सापडतं.”

स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्या त्या दुकानातल्या मुलीने ते वहीत टिपून घेतलं. मास्तरांना हसू आलं. हे बोलतंय कोण, तर चाळीस वर्षं डोळे मिटून मिठाच्या बरणीवर अचूक हात टाकणारी बाई! तिच्या स्वयंपाकघरात मास्तरांना मज्जाव होता. पाणी प्यायला गेले तरी “लुडबुड नको” म्हणून बाहेर काढायची.

खरं तर मास्तरांना नवं काहीच नको होतं. जुन्या ओट्यावर त्यांचा भारी जीव. नवं लग्न झालेलं असताना गवंड्याने तिला भिंतीशी उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि माप घेतलं. ती लाजून चूर झाली होती. ओटा झाला बुटका, त्याची कड मास्तरांच्या मांडीला लागायची. पण त्या ओट्याशी भाजी चिरत उभी असलेली ती आणि पाठीवरची तिची लांब वेणी, ते दिवस आठवले की आजही त्यांना गलबलून यायचं.

“दगड काळाच हवा,” ते म्हणाले. “आणि ओटा हिच्या मापाचा. बाकी हिची हौस.”

हौस तरी केवढी! गॅस विसरला तर आपोआप बंद होणारी शेगडी. प्रत्येक बरणीवर नावाची चिठ्ठी.

“म्हातारपणी शाळा काढतेय,” मास्तर त्या मुलीला म्हणाले. मुलगी हसली.

गेल्या आठवड्यापासून तिचं सगळं जगावेगळंच चाललं होतं. सोमवारी ॲसिडिटी म्हणून एकटीच डॉक्टरकडे गेली, ती थेट संध्याकाळी परतली. आल्या आल्या मास्तरांना ओट्यापाशी उभं करून माप घेतलं, स्वेटरसाठी म्हणे. टेप पार जमिनीपर्यंत सोडला.

“स्वेटर विणतेस की झगा?” मास्तरांनी विचारलं होतं. ती हसली आणि टेप गुंडाळत बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

“तीन महिने लागतील, काकू,” मुलगी म्हणाली.

“महिन्याभरात बसवा.”

“अगं, एवढी घाई कसली?” मास्तर म्हणाले. बायको दगडाच्या नमुन्यावरून हात फिरवत राहिली.

“बरं, आता ओट्याची उंची,” मुलगी टेप घेऊन उठली. “कोपराच्या खाली सहा इंच, असं आमचं गणित असतं. काकू, जरा उभ्या राहता?”

“लिहून आणलंय मी.” बायकोने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. डॉक्टरांच्या कागदाच्या पाठीमागे एकच आकडा होता.

मुलीने तो वाचला आणि कपाळाला आठी घातली. “अडतीस इंच? काहीतरी चुकलंय, काकू. एवढ्या उंच ओट्यावर तुमचे हात नीट पोचायचे नाहीत.”

“चुकलं नाही,” बायको म्हणाली. “यांचे पोचतील.”