लिथारीची जहाजं

असिमोने टेबलांवर चाळीस ग्लास मांडले आणि लांब्रोसने नजर दुसरीकडे वळवली.

लिथारी गावाची रीतच तशी होती. वर्षातून एकदा सरकारी रेडिओवर ते जुनं लढाईचं महाकाव्य वाचायचे. त्यात एक भाग येतो, कुठल्या गावाने किती जहाजं धाडली त्याचा. त्या संध्याकाळी सगळं गाव असिमोच्या कॉफीच्या दुकानात गोळा व्हायचं. लिथारीचं नाव आलं की टेबलं वाजवायची, जितकी जहाजं तितके ग्लास भरायचे आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी ते रिकामे करायचे. जहाजं सात. बापजाद्यांपासून सातच.

"असिमो, लग्नबिग्न काढलंस की काय?" पांताझीसने विचारलं. हा मासेमार, तोंडाचा भारी फटकळ.

"मला नको विचारूस. भाच्याच्या माणसाने खोकंभर दारूच्या बाटल्या आणून टाकल्या. म्हणाला, मावशी, यंदा चाळीस मांडा."

"का? जहाजं व्यायली का?"

दुकानभर हशा पिकला. असिमोचा भाचा म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, मंत्री थेमेलिस. निवडणूक तोंडावर आलेली. 'चाळीस जहाजांच्या लिथारीचा सुपुत्र' अशी भाषणं तो गावोगाव ठोकत सुटला होता. आता रेडिओने तेवढं चाळीस म्हटलं की गंगेत घोडं न्हालं!

"म्हणेल की! न म्हणून जातोय कुठे?" पांताझीस म्हणाला. "माझी ऑलिव्हची झाडं धडधडा जळत होती, आणि हा रेडिओ सांगत होता, आग आटोक्यात आहे. लांब्रो, वाचणारी तुझीच लेक ना? बोल, सात की चाळीस?"

"मला काय माहीत," लांब्रोस म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं.

दुपारी रोदांथीचा फोन आला होता. "बाबा, वरून निरोप आलाय. चाळीस वाच म्हणतात." तिची नोकरी कराराची, आणि करार या महिन्यात संपत होता. पुढची सही थेमेलिसच्याच खात्यातून व्हायची. लांब्रोस पटकन बोलून गेला होता, "मग वाच ना, पोरी! कधीची बुडालेली जहाजं ती. कोण येतंय मोजायला?"

तिने फोन ठेवून दिला होता. "ठेवते," एवढंच. तेव्हापासून त्याला घास गोड लागला नव्हता. खोटं वाच असं आपण आपल्याच लेकीला सांगितलं, याची त्याला लाज वाटत होती. आणि तिने खरं वाचलं तर, याची भीतीही.

"गप्प बसा रे, आली ती!" असिमोने रेडिओचा आवाज वाढवला.

रोदांथी वाचत होती. एकेक गाव येत होतं, जात होतं. शेजारच्या गावांच्या नावांवर कुणी नाकं मुरडली, कुणी शिट्टी मारली. मग ती म्हणाली, "लिथारीहून..." आणि थांबली. लांब्रोसने डोळे मिटून घेतले.

"लिथारीहून सात जहाजं."

कुणी टेबल वाजवलं नाही. खरं सांगायचं तर चाळीस कुणाला नको होती? फुकटची बाटली, गावाचं नाव, मंत्र्याची मर्जी. सगळे मांडलेल्या ग्लासांकडे बघत राहिले. असिमोने मुकाट्याने बाटली उघडली, सात ग्लास भरले आणि झाकण घट्ट लावून टाकलं.

"गेली नोकरी," लांब्रोस म्हणाला. "वेडी पोर! अगं, बापाचं तरी ऐकायचंस!" आणि त्याचे डोळे भरून आले. आपण रडतोय की हसतोय हे त्याचं त्यालाच कळेना. छाती मात्र अशी भरून आली होती, जशी तिचं लग्न लावतानाही आली नव्हती.

"काढून तर बघू देत तिला!" पांताझीसने पहिला ग्लास त्याच्यापुढे सरकवला. "अख्खं गाव नेऊन बसवतो रेडिओ केंद्राच्या पायऱ्यांवर."

"मी पुढे बसते," असिमो म्हणाली. "माझ्या भाच्याला शाळेतसुद्धा आकडे कधी जमले नाहीत."

मग कुठे टेबलं वाजली! ग्लास नाचले, कुणीतरी लांब्रोसच्या पाठीत असा दणका घातला की त्याची अर्धी दारू सदऱ्यावर सांडली. या गोंधळात रोदांथी बातम्या सांगू लागली होती, आणि शेवटी हवामान. रात्रीतून उत्तरेचा जोराचा वारा सुटेल. पहाटे कुणी समुद्रात जाऊ नये. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्यात.

पांताझीसने ग्लास संपवला, टोपी डोक्यावर चढवली आणि उठला.

"निघालास कुठे?" लांब्रोसने विचारलं.

"होडी वर ओढायला."

लांब्रोसने दारातून बाहेर पाहिलं. ऊन अजून उतरायचं होतं. समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत पडलेला. "अरे, पान हलत नाहीये!"

"मला डोळे आहेत," पांताझीस म्हणाला. "पण तुझी लेक सांगतेय ना. चल, हात लाव."