पहिली भाषा

"या अभ्यासक्रमाची मुख्य अट एवढीच," प्राध्यापक दाभाडकर नव्या विद्यार्थ्यांना म्हणाले. "सोमवारी तुमच्या मेंदूत यंत्रांची भाषा बसवली जाईल. ती तुमची पहिली भाषा पुसून तिची जागा घेते. घाबरू नका, घरच्यांचं बोलणं कानातलं यंत्र तुम्हाला समजावून देईल."

मुलं निर्धास्त झाली. मागच्या बाकावरच्या शर्वाणीने मात्र हात वर केला. "सर, माझी पहिली भाषा खुणांची आहे. आईला ऐकू येत नाही."

दाभाडकरांनी तिचं प्रवेशपत्र काढून पाहिलं. "खुणा त्या यंत्राला कळत नाहीत. शाळेत शिकलेली मराठी तेवढी तुझ्याकडे राहील."

"मग मी नाव काढून घेते."

"प्रवेशपत्रावर सही झालीय, बाळ. आता माघार घेता येत नाही."

वर्गाचं दार उघडंच होतं; शर्वाणी वही उचलून निघाली.

बाहेर पायरीवर आई वाट पाहत होती. काय म्हणाले, असं तिने हातांनी विचारलं. सगळं छान झालं, असं शर्वाणीने हातांनीच सांगितलं. मग ती आईशेजारी टेकली, वहीचं कोरं पान उघडलं आणि कधीच शाळेत न गेलेल्या आईच्या बोटांत पेन देऊन पहिलं अक्षर गिरवून घेऊ लागली. सोमवारला चार दिवस उरले होते.