फाटकापलीकडचा पाहुणा

मार्लिस आणि तिचा नवरा क्लिफर्ड फाटकाशी पोचले तेव्हा ऑरिन फवारणीचा पंप पाठीला लावून उभा होता. बहिणीच्या गाडीची चारही चाकं त्याने औषधाने धुतली, मग दोघांना बूट औषधाच्या टबात बुडवायला सांगितलं.

"आता कशाला? आता तर इथे काही उरलं नाही," क्लिफर्ड म्हणाला.

"येताना सवय म्हणून. जाताना मात्र नक्की. वाटेत वेंडेलच्या पक्ष्यांच्या शेड आहेत."

तीन आठवड्यांपूर्वी ऑरिनने पाळलेल्या टर्की कोंबड्या एका रात्रीत गप्प झाल्या होत्या. पाणी पीत नव्हत्या, अंगावरून हात फिरवला तरी हलत नव्हत्या. बर्ड फ्लूची खात्री झाल्यावर सरकारी माणसं फेसाचे पंप घेऊन आली आणि एका दिवसात बावीस हजार पक्षी फेसाखाली गुदमरवून मारले गेले. ते अजून शेडमध्येच होते, लाकडाच्या भुशाखाली कुजत. थंडी वाढली की छपराच्या झरोक्यांतून वाफ निघे. ऑरिनची बायको आर्डिस त्या बाजूच्या खिडकीचा पडदा आता उघडतच नसे.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला यायचं का, असं मार्लिसने फोनवर विचारलं होतं. आर्डिसने तिला या म्हणून सांगितलं. या वर्षी सणाची टर्की नाही, डुकराचं हॅम करते, पण या. "दोघंच जेवायला बसलो की तो अर्ध्या ताटावरून उठतो आणि शेडपाशी जाऊन उभा राहतो," ती म्हणाली होती.

वेंडेल येणार नव्हता. त्याची जागा तीन किलोमीटरवर, ऑरिनचा तो शाळेपासूनचा दोस्त. बायको गेल्यापासून या सणाला तो इथेच जेवायचा. पण त्याच्याकडे चौदा हजार पक्षी अजून जिवंत होते, आणि ज्याच्याकडे जिवंत पक्षी आहेत त्याने रोगाच्या जागी पाऊल टाकायचं नसतं. रोग बुटाच्या तळव्याला चिकटून घरी येतो. सोमवारी त्याने फोनवर अडखळत तसं सांगितलं, तेव्हा ऑरिन म्हणाला होता, "आलास तर मीच हाकलून देईन." त्यावर दोघं हसले होते.

तीन आठवडे त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. रोज संध्याकाळी ऑरिन फोन करून एकच गोष्ट विचारायचा, पाणी किती प्याले? वेंडेल आकडा सांगायचा आणि ऑरिन फोन ठेवायचा. काल मात्र वेंडेलने फोन उचलला नाही. सणाची गडबड असेल, असं ऑरिन म्हणाला. एकट्या माणसाला कसली गडबड, हे आर्डिस बोलली नाही.

दोन वाजता चौघं जेवायला बसले. रिवाजाप्रमाणे एकेकाने यंदा कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं होतं. क्लिफर्डने आपल्या नव्या गुडघ्याचे आभार मानले. मार्लिसने सगळे एकत्र बसल्याबद्दल मानले आणि भावाकडे बघायचं टाळलं. ऑरिनची पाळी आली. त्याने बटाट्यांचं भांडं उचललं.

"वाढून घ्या," तो म्हणाला. "गार होतंय."

तेवढ्यात रस्त्यावर ट्रक थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून वेंडेलचा निळा ट्रक दिसला. ऑरिन डोक्यावर टोपीही न घालता बाहेर धावला.

"तिथेच थांब!" तो पायरीवरून ओरडला. "वेंडेल, आत येऊ नकोस!"

वेंडेलने फाटकाची साखळी काढली. टबाकडे त्याने बघितलंही नाही. कोरड्या बुटांनी तो सरळ आत चालत आला. ऑरिनने पुन्हा ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. तो हळूहळू पायऱ्या उतरला.

"कधी?" त्याने विचारलं.

"काल सकाळी पाणी निम्म्यावर आलं. आज अकराला सरकारी माणसांचा फोन आला, रोगच आहे. परवा येतायत."

ऑरिन त्याच्याजवळ गेला. मग ऑरिनने खालच्या आवाजात विचारलं, "माझ्याकडून आलं असेल का रे?"

"माझ्या तळ्यावर महिनाभर रानबदकं उतरतायत. त्यांना जाऊन विचारू?" वेंडेल म्हणाला. मग हातांकडे बघत म्हणाला, "घरी बसवेना. म्हटलं, आपण गेलो तरी कुणाचं नुकसान होणार नाही असं आता एकच घर आहे."

ऑरिनने त्याच्या दंडाला धरून त्याला आत आणलं. आर्डिसने त्या दोघांचे चेहरे बघितले आणि काही न विचारता पाचवं ताट घेतलं. मार्लिसने आपली खुर्ची सरकवली. बटाटे, बीन्स, पाव, सगळं एकेक करून वेंडेलपुढे गेलं. तो मान खाली घालून जेवत होता, दिवसभर पोटात काही नसल्यासारखा. क्लिफर्ड हवेबद्दल काहीतरी बोलू लागला.

"परवा मी येतो," ऑरिन म्हणाला. "ती माणसं आली की तू घरात बस. रेडिओ मोठ्याने लाव. शेडपाशी मी उभा राहतो."

वेंडेलने मान वर केली.

"तुझ्या वेळी कोण उभं होतं?"

"कोण असणार? तुला तर मीच येऊ दिलं नव्हतं," ऑरिन म्हणाला, आणि हॅमची बशी त्याच्याकडे सरकवली.