हिरवा बाण

त्या मायक्रोस्कोपला समोरासमोर बघायच्या दोन जागा होत्या. एकीकडे आई बसायची, दुसरीकडे ती शिकायची. आई आपल्या बाजूची कळ फिरवून उजेडाचा हिरवा बाण नेमक्या पेशीवर आणून ठेवायची. आई गेल्यापासून समोरची खुर्ची रिकामीच होती.

आज काचेवर तिच्या धाकट्या बहिणीच्या गाठीचा काप होता. गाठ कॅन्सरची हे कळलंच होतं; किती जहाल, तेवढं ठरवायचं होतं.

"ताई, दुसऱ्या कुणाला बघू द्या की," लॅबमधले काका म्हणाले. "घरचं माणूस म्हटलं की डोळेसुद्धा लाड करतात."

"तुम्ही चहाचं बघा काका, लाडांचं मी बघते."

काका हसत गेले. ती काच सरकवत राहिली. दुभंगणाऱ्या पेशी जितक्या कमी, तितकी गाठ गरीब. इथे तर जवळजवळ नव्हत्याच. तिचा जीव भांड्यात पडला. 'ग्रेड एक', म्हणजे सगळ्यांत सौम्य, असं लिहायला तिने पेन उचललं.

बाण हलला.

तो कडेला गेला, तिने नीट न पाहिलेल्या कोपऱ्यात. तिथे एक पेशी दुभंगत होती. शेजारी दुसरी. बाण एकेकीपाशी थांबत होता, तिने मान डोलावेपर्यंत, आई थांबायची तसाच.

"आई, पुरे गं," ती पुटपुटली. "तिची पोरं लहान आहेत."

बाण थबकला. मग थरथरत पुढच्या पेशीवर गेला.

ती उठून पलीकडे गेली. खुर्चीवरची धूळ जशीच्या तशी होती. आई डोळे लावायची त्या भिंगाला तिने बोट लावलं.

भिंग ओलं होतं, आणि कोमट.